कसं वाटतंय?

नव्या जागी रुळणाऱ्या माणसाला इंग्रज 'हाऊ डू यू फील?' असं सहसा विचारत नाही. तो म्हणतो, 'हाऊ आर यू फाइंडिंग इट?' आमच्या शाखेत बदलून आलेल्या एका गृहस्थांना साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, तेव्हा त्यांनी आधी स्वतःच्या कपाळाला हात लावून पाहिला.

मराठीत ही भानगड नाही. 'कसं वाटतंय?' आजाऱ्याला तेच, जावयाला तेच, नव्या सुनेलाही तेच. पण खरी अडचण व्याकरणाची नाहीच. चौथ्या दिवशी सासूच्या देखत सुनेला 'कसं वाटतंय आमचं घर?' म्हटल्यावर ती बिचारी 'छान' याखेरीज काय म्हणणार? ज्याला एकच उत्तर चालतं तो प्रश्न नव्हे, पावती. अशा कागदावर आम्ही बँकेत नुसती सही घेतो.

१९८४ साली इंदिरा गांधींनी अंतराळातल्या राकेश शर्मांना विचारलं, वरून भारत कसा दिसतो? त्यांनी इक्बालांची ओळ ऐकवली. उत्तर मनापासूनचं असेलही. पण सारा देश कान लावून बसलेला असताना एखाद्याला घरची आठवण आली, तरी ती सांगणार कशी?

म्हणून माझं आपलं इतकंच म्हणणं आहे : विचारायचं तर एकट्याला गाठून विचारावं, आणि 'नाही हो बरं वाटत' असं उत्तर आलं तर आपल्यापाशी अर्धा तास मोकळा असावा. तेवढा नसेल, तर सरळ 'चहा घेणार?' म्हणावं. त्यात निदान 'नको' म्हणायची सोय असते.