तो का हरला?



गोल्फ हा काही आपल्या धर्मग्रामाचा खेळ नव्हे. आपली मुले क्रिकेट आणि फुटबॉल खेळतात, आणि गोल्फला लागते तेवढी मोकळी जागा आता आपल्याकडे शेतीलाही उरलेली नाही. तरीसुद्धा टायगर वूड्स हे नाव कानावर पडले नाही असा तरुण सापडणे कठीण. चार दिवस, ७२ होल, आणि सर्वांत कमी फटक्यांत चेंडू सगळ्या होलांत घालील तो विजयी, एवढाच हा खेळ. त्यातल्या चार मोठ्या स्पर्धांना 'मेजर' म्हणतात. वूड्सने १९९७ ते २००८ या काळात अशा १४ मेजर जिंकल्या आणि त्यानंतर जवळजवळ ११ वर्षे एकही जिंकली नाही.

त्या ११ वर्षांत त्याच्या चाहत्यांनी घातलेला वाद मोठा बोलका आहे. 'तो परत येणार का?' हा एक प्रश्न आणि 'तो हरला का?' हा दुसरा. कोणी म्हणे गुडघा, कोणी म्हणे पाठ. कोणी म्हणे प्रशिक्षक बदलला, फटका मारण्याची पद्धत बदलली, तिथेच सगळे बिघडले. (पद्धत तर त्याने १९९७ च्या मोठ्या विजयानंतरही बदलली होती आणि पुढे २०००-०१ मध्ये लागोपाठ चार मेजर जिंकल्या होत्या, पण हे सोयीस्करपणे विसरले जाते.) कोणी म्हणे वडील गेले, आधार गेला. आज उपवासकाळाच्या चौथ्या रविवारी जन्मांध माणसाचे शुभवर्तमान वाचताना मला हा वाद आठवला, कारण त्या शुभवर्तमानातही सगळे जण 'का?' या एका शब्दाभोवती फिरत आहेत.

आधी पायाची गोष्ट पाहू. जून २००८ मध्ये कॅलिफोर्नियातील टोरी पाइन्स येथे वूड्सने अमेरिकन ओपन जिंकली. डाव्या पायाच्या नडगीच्या हाडाला चिरा गेलेल्या, गुडघ्यातला अस्थिबंध फाटलेला, आणि बरोबरी झाल्यामुळे ७२ ऐवजी ९१ होल खेळावे लागले. तेव्हा तो पाय पराक्रमाची खूण होता. पुढे शस्त्रक्रिया झाली, पाय बरा झाला, आणि दुसऱ्या वर्षी तो हरला. आता तोच पाय पराभवाचे कारण झाला! नाचता येईना अंगण वाकडे, असे आपण म्हणतो. येथे नाचणाऱ्याच्या आधी पाहणारेच अंगण वाकडे ठरवून मोकळे झाले होते.

तो पराभव १६ ऑगस्ट २००९ चा. मिनेसोटातील हेझल्टाइनच्या मैदानावर पीजीए चॅम्पियनशिपचा शेवटचा दिवस. त्याआधी मेजर स्पर्धेत शेवटच्या दिवशी सकाळी वूड्स आघाडीवर, आणि संध्याकाळी हरलेला, असे कधीच घडले नव्हते. १४ वेळा आघाडी, १४ वेळा विजय. त्या दिवशी त्याच्या जोडीला वाय. ई. यांग नावाचा दक्षिण कोरियाचा खेळाडू होता, जागतिक क्रमवारीत ११० वा. शेतकऱ्याचा मुलगा. वयाच्या १९ व्या वर्षी सरावाच्या मैदानावर चेंडू गोळा करायचे काम करता करता खेळ शिकलेला. चौदाव्या होलला त्याने हिरवळीच्या बाहेरून मारलेला चेंडू थेट आत गेला. शेवटच्या होलला झाड मध्ये असताना २०० यार्डांहून अधिक अंतरावरून त्याने चेंडू झेंड्याजवळ आणून ठेवला. त्याचे ७० फटके झाले, वूड्सचे ७५. आशिया खंडात जन्मलेल्या पुरुषाने मेजर जिंकण्याची ती पहिलीच वेळ.

आणि चाहते काय बोलत बसले? टायगरचे पट आत का जात नव्हते, टायगर दमला होता का, टायगरचे मन ठिकाणावर होते का. पराभवाची दहा स्पष्टीकरणे निघाली, आणि 'दुसरा त्याच्यापेक्षा चांगला खेळला' हे अगदी साधे स्पष्टीकरण मात्र रांगेत सर्वांत शेवटी उभे राहिले. हरलेल्याची कारणे मोजण्यात जिंकलेला माणूसच नाहीसा झाला.

आता योहानच्या नवव्या अध्यायाकडे या. या अध्यायात ४१ वचने आहेत. प्रभू येशू चिखल करतो, आंधळ्याच्या डोळ्यांना लावतो, तो शिलोहाच्या तळ्यात धुऊन येतो आणि त्याला दिसू लागते. हे सगळे पहिल्या सात वचनांत संपते. उरलेला जवळजवळ सगळा अध्याय म्हणजे वाद! शेजारी म्हणतात, हा तोच का, की त्याच्यासारखा दुसरा कोणी? परुशी विचारतात, शब्बाथ दिवशी हे कसे केले? आईवडिलांना बोलावतात, तर ते घाबरून अंग काढून घेतात आणि मुलाचे वय झाले आहे, त्यालाच विचारा म्हणतात. शेवटी त्या माणसालाच हाकलून देतात. घरी जाऊन हा अध्याय पुन्हा सावकाश वाचा आणि शोधा: जन्मापासून आंधळा असलेल्या या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा ऊन पाहिले, आपल्या आईचा चेहरा पाहिला, आणि एवढ्या गर्दीत 'बरे झाले रे बाबा' म्हणणारा एकही माणूस नाही. त्याची आईसुद्धा नाही.

वादाची सुरुवात मात्र परुशी करीत नाहीत, शिष्य करतात. आंधळा समोर बसलेला असताना, त्याच्या कानांवर पडेल अशा अंतरावरून ते गुरूंना विचारतात की पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी? प्रभूचे उत्तर आपल्याला ठाऊक आहे: याने नाही आणि त्यांनीही नाही. आणि लगेच तो जमिनीकडे वाकून चिखल करू लागतो.

कारण शोधणे वाईट, असे मला म्हणायचे नाही. डॉक्टरांनी कारण शोधलेच पाहिजे, प्रशिक्षकानेही. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना अॅरिस्टॉटलची चार कारणे पाठ करावी लागतात: वस्तू कशाची बनली, तिचे रूप काय, ती कोणी घडवली, कशासाठी घडवली. पण 'दोष कोणाचा' हे त्या चारांपैकी एकही नव्हे. ते आपण आपल्या पदरचे घालतो.

वूड्सच्या बाबतीत हे पाचवे कारण २०१० मध्ये उघडपणे पुढे आले. २००९ च्या नोव्हेंबरमध्ये घराजवळ त्याच्या गाडीला अपघात झाला आणि पाठोपाठ त्याचे विवाहबाह्य संबंध जगजाहीर झाले. फेब्रुवारीत त्याने सर्वांसमोर माफी मागितली. एप्रिलमध्ये जॉर्जियातील ऑगस्टा येथील मास्टर्स स्पर्धेत तो परतला आणि संयुक्त चौथा आला. जिंकला फिल मिकलसन. मिकलसनची पत्नी एमी हिला आदल्या वर्षी स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले होते. शेवटच्या होलला ती उभी होती आणि दोघांनी एकमेकांना मिठी मारली. डोळ्यांत पाणी यावे असाच तो क्षण होता. पण लोकांना त्यात प्रवचन दिसले: चांगला नवरा जिंकला, वाईट नवरा हरला, देवाघरी न्याय आहे! मग २०१९ मध्ये वूड्स पुन्हा जिंकला तेव्हा देवाचे मत बदलले म्हणायचे का? आणि २०२२ मध्ये सौदी पैशावर उभ्या राहिलेल्या नव्या लीगविषयी केलेल्या वक्तव्यांमुळे मिकलसनवर चहूकडून टीका झाली, पुरस्कर्ते सोडून गेले, तेव्हा त्या प्रवचनाचे काय करायचे?

वूड्सने व्यभिचार केला, पत्नीचा विश्वास मोडला, हे पापच. त्यात मी पाणी घालणार नाही. पण ते पाप त्याच्या पत्नीविरुद्ध आणि मुलांविरुद्ध होते. फटक्यांच्या आकड्यांत ते शोधणे म्हणजे पापाला फारच हलके समजणे आहे. वूड्स पुढे काहीच हरला नसता तरी ते तेवढेच मोठे राहिले असते.

त्याच जानेवारीत ब्रिट ह्यूम या अमेरिकन पत्रकाराने दूरचित्रवाणीवर वूड्सला ख्रिस्ती श्रद्धेकडे वळण्याचा सल्ला दिला, म्हणजे त्याला पूर्णपणे सावरता येईल. वूड्सची आई थायलंडची, बौद्ध. त्याच धर्मात तो वाढला आणि माफी मागताना आपण त्या शिकवणुकीपासून दूर गेलो असे त्याने सांगितले. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असेल. पण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्याचा आदर करायला आपल्याला शिकवले. पडलेल्या माणसाच्या आईचा धर्म त्याच्या पडण्याच्या वेळीच कमी लेखणे हे मला तरी बरे वाटत नाही. आणि प्रभू येशू हा कोणाचे 'कमबॅक' करून देणारा प्रशिक्षक नव्हे. त्याच्या मागे गेलेले बहुतेक प्रेषित तर जगाच्या हिशेबाने हरलेच.

शिलोह हे नाव शुभवर्तमानात आणखी एकदा येते. लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज कोसळून १८ माणसे मेली आहेत. प्रभू विचारतो, ती बाकीच्यांपेक्षा अधिक पापी होती असे तुम्हाला वाटते काय? आणि उत्तर देतो की नाही, पण तुम्ही पश्चात्ताप करा. मेलेल्यांबद्दलचा प्रश्न तो जिवंतांकडे वळवतो. आपल्याला हेच नको असते. लग्नाला सात वर्षे झाली, मूल नाही. मुलगा बारावीला नापास झाला. तरणाताठा माणूस आजाराने गेला. अजून मातीही पडलेली नसते आणि दफनभूमीत मागच्या रांगेत कारणे सुरू होतात. खाणेपिणे असे होते, आईचे लाड नडले, त्या घराला कोणाचा तरी तळतळाट आहे. मी आजाऱ्यांना भेटायला जातो तेव्हा अनेकदा दुखण्यापेक्षा ही कारणेच अधिक बोचत असलेली दिसतात. कारण सापडले की आपण सुटलो. आपले खाणेपिणे तसे नाही, म्हणजे आपल्यावर बुरूज पडणार नाही! आणि शेजारच्या मुलीला मेडिकलला प्रवेश मिळाला की तिचीही कारणे निघतात: क्लास महागडा लावला होता, ओळख होती. ती पहाटे उठून अभ्यास करीत होती, हे यांगच्या फटक्यांसारखे शेवटी उरते.

गोल्फमधली एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडते. फेरी संपली की खेळाडू आपल्या गुणपत्रिकेवर स्वतः सही करतो. तिच्यावर प्रत्येक होलचा आकडा असतो, कारण लिहायला रकाना नसतो. १४ एप्रिल १९६८, पुनरुत्थानाचा रविवार. अर्जेंटिनाच्या रॉबेर्तो दे व्हिसेन्झोचा ४५ वा वाढदिवस. मास्टर्समध्ये तो अप्रतिम खेळला होता. पण त्याचे गुण लिहिणाऱ्या टॉमी एरन या सहखेळाडूने सतराव्या होलला ३ ऐवजी ४ लिहिले आणि दे व्हिसेन्झोने न पाहता सही केली. नियमाप्रमाणे सही केलेला वाढीव आकडाच कायम राहिला आणि एका फटक्याने त्याची बरोबरी हुकली. बोट दाखवायला माणूस अगदी समोर होता. पण त्याने एरनला दोष दिला नाही. मूर्ख मीच, असे तो सर्वांसमोर म्हणाला. (त्या दिवशी जिंकलेल्या बॉब गोल्बीला मात्र पुढे लोकांची रागाची पत्रे आली. पुन्हा तेच, विजेता गुन्हेगार!)

बरोबर ५१ वर्षांनी, १४ एप्रिल २०१९ रोजी, झावळ्यांच्या रविवारी, त्याच मैदानावर वूड्सने पंधरावी मेजर जिंकली. २०१७ मध्ये तो क्रमवारीत ११९९ व्या क्रमांकापर्यंत घसरला होता, पाठीवर चार शस्त्रक्रिया झाल्या होत्या. तेव्हा चाहत्यांनी विजयाचीही कारणे काढली. २०२१ च्या मोटार अपघातात त्याचा उजवा पाय चेंगरला. २०२४ च्या मास्टर्समध्ये तिसऱ्या दिवशी त्याचे ८२ फटके झाले, मेजर स्पर्धांतली त्याची सर्वांत वाईट फेरी. शेवटचे दोन दिवस खेळलेल्या ६० जणांत तो साठावा आला. त्याने सर्व ७२ होल चालून पूर्ण केले आणि चारही दिवस पत्रिकेवर सही केली.

पापनिवेदनाला येताना आपण बहुतेक जण कारणांचा रकाना भरून आणतो. रागावलो, पण तीच तशी बोलते. खोटे बोललो, पण धंद्यात चालतेच. आदामानेही एवाकडे बोट दाखवले होते आणि वर, ही तूच मला दिलीस, असे देवालाही ऐकवले होते. येत्या शनिवारी संध्याकाळी पाच वाजल्यापासून मी पापनिवेदनासाठी बसणार आहे. नवऱ्याची, सासूची, भागीदाराची पापे त्यांची त्यांना सांगू द्या. आपण फक्त आपला आकडा घेऊन या. रांगही लवकर सरकेल.

आपला,
प्रमुख धर्मगुरू