ताप कुणाच्या खात्यात?

बढती मिळालेला साहेब आणि नवा प्रोसेसर बसवलेला कॉम्प्युटर यांची जात एकच. दोघंही आधीपेक्षा जास्त काम करतात नि आधीपेक्षा जास्त तापतात. फरक एवढाच, की प्रोसेसर शंभर अंशांच्या घरात पोचला की आपण होऊन वेग कमी करतो. तेवढ्यानं भागलं नाही तर मुकाट्यानं बंद पडतो. साहेबाचा वेग तापल्यावर वाढतो, आणि मुकाट्यानं तर तो काहीच करीत नाही.

आमच्या रोहण्याला मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. अशा दिवसांत शेजारच्या चिरंजीवांनी ६५ वॅटचा प्रोसेसर काढून १२५ वॅटचा बसवला. पंखा मात्र जुनाच! "काहून बंद पडते बाप्पा हे?" असं ते दर दुपारी विचारू लागले. शेवटी आर्वीहून कारागीर आला. त्यानं तांब्याच्या नळ्यांचा, ॲल्युमिनियमच्या पात्यांचा भला थोरला हीटसिंक पंख्यासकट लावला, खाली वाटाण्याएवढी थर्मल पेस्ट टाकली आणि खोक्यात हवा पुढून आत, मागून बाहेर अशी वाट करून दिली.

"काकाजी, खिडकीत कूलर लावला का समोरचं दार उघडं ठेवा लागते ना? तसंच हाय हे. पन कूलरची ओली हवा यावर सोडू नका."

वैदर्भीय माणसाला यापुढे विज्ञान शिकवावं लागत नाही.

यंत्र निवलं. पण खोक्याच्या मागं चिरंजीवांच्या आजीची बाज होती. आता ती माऊली दुपारभर पदरानं वारा घेऊ लागली!

उष्णतेचा हिशेब आमच्या खतावणीसारखाच. एका खात्यातून निघाली की दुसऱ्यात पडलीच पाहिजे. प्रोसेसरनं खाल्लेल्या सगळ्या विजेची शेवटी उष्णताच होते. ती पेस्टमधून तांब्यात जाते, तांब्यातून पात्यांत, पात्यांतून वाऱ्यावर आणि वाऱ्यावरून आजीच्या पाठीवर.

कचेरीत तरी दुसरं काय घडतं? वरिष्ठांचा ताप फोनवरून मॅनेजरकडे येतो, मॅनेजरकडून कारकुनाकडे आणि कारकुनाकडून खिडकीबाहेर पासबुक धरून उभ्या असलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याकडे. "उद्या या!" एवढं म्हटलं की आत सगळे गार. म्हाताऱ्याच्या खाली मात्र कुणीच नसतं. तो आपला ताप डोक्यावर घेऊन उन्हातून घरी जातो. मग आमच्या थंड डोक्याचं कौतुक करायचं ते कुणी?

१९३६ साली गांधीजी याच जिल्ह्यात, सेवाग्रामला, मातीच्या झोपडीत राहायला आले. त्यांनी गरजांचे वॅटच कमी केले. एवढं आपल्याच्यानं व्हायचं नाही. पण प्रोसेसरलाही वॅटची मर्यादा घालून देता येते. वेग थोडा उतरतो, ताप पुष्कळ उतरतो. तेवढंही जमत नसेल, तर आपल्या नावावर थंडावा जमा झाला की तो कुणाच्या नावे पडला, एवढं तरी पाहावं. आणि खोक्याचं तोंड फिरवून आजीची बाज वाचवावी. त्याला पैसेही पडत नाहीत.