श्रावणाची कावड

साताऱ्याहून मेढ्यास जाणाऱ्या एस. टी. गाडीत बसले म्हणजे एक गोष्ट सहज नजरेस येते. गाडीत तरुण थोडे आणि वृद्ध फार. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांस राज्यात एस. टी.चा प्रवास विनामूल्य झाला, हे त्याचे एक कारण होय. परंतु मुख्य कारण जुने आहे. वेण्णाकाठच्या या जावळी तालुक्यातील डोंगरउताराची शेती घरातील सर्वांस कधी पुरली नाही. म्हणून येथील कर्ती माणसे पिढ्यानपिढ्या मुंबईस गेली. कोणी गिरणीत लागली, कोणी बाजारपेठांत माथाडी झाली. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचा आधार तुटला, तरी मुंबईची वाट मोडली नाही. मागे राहिली ती घरे आणि घरे राखणारे म्हातारे.

या म्हाताऱ्यांविषयी आपले कर्तव्य कोणते? शासनाने आपल्या परीने उत्तर दिले आहे. निर्धन वृद्धांस निवृत्तिवेतन देणाऱ्या योजनेस श्रावणबाळाचे नाव आहे. तिची रक्कम २०२३ मध्ये दरमहा १५०० रुपये झाली. २००७ च्या कायद्याने आईबापांस मुलांकडून निर्वाहखर्च मागण्याचा सुलभ मार्ग करून दिला. हे हवेच, उपाशी माणसास नीतिशास्त्र सांगून भागत नाही. पण जेथे पैशाची अडचण नाही, तेथेही प्रश्न उरतो, हे आम्ही स्वानुभवाने सांगतो.

मातोश्री निवर्तल्यावर तीर्थरूपांस आम्ही मेढ्याहून पुण्यास आणले. स्वतंत्र खोली, वेळेवर औषध, दोन्ही वेळचे ताजे अन्न. कशास उणे नव्हते. तिसऱ्या महिन्यात एका संध्याकाळी ते आमच्या दारात उभे राहून म्हणाले, "जरा पाय मोकळे करून येऊ का?" ज्यांच्या परवानगीवाचून आम्ही कधी उंबरा ओलांडला नाही, ते आमची परवानगी मागत होते! आम्ही त्यांस सर्व काही दिले होते. काढून घेतले होते ते केवळ त्यांचे धनीपण. तेव्हा आम्ही प्रथमच विचारले, "तात्या, तुम्हांला कोठे राहावयाचे आहे?" ते म्हणाले, "तू विचारतोस म्हणून सांगतो, घरी."

वार्धक्य स्वतःचा अधिकार राखते तोवरच त्याचा मान राहतो, असे रोमन पंडित सिसेरोने प्रतिपादिले आहे. उलटपक्षी, आमच्या वर्गातील पुष्कळांस शास्त्राचा आधार सोयीचा वाटतो: पितृऋण संततीने फिटते, तेव्हा आपली मुले वाढविली, शिकविली की झाले. हा युक्तिवाद खोटा नाही, अपुरा आहे. ऋण पुढच्या पिढीकडे जाते हे खरे; पण ज्यांचे ते घेतले ती माणसे अजून आपल्यासमोर असतात, आणि जिवंत माणूस हा नुसता सावकार नव्हे. त्यास इच्छा असते.

येथे एक धोका आहे, तो लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. "त्यांचीच इच्छा आहे" हे वाक्य मुलांच्या फार सोयीचे असते. त्याच्या आड निष्काळजीपणा सुखाने झोप घेऊ शकतो. मग इच्छेचा मान कोणता आणि अंग काढून घेणे कोणते, हे ओळखावे कसे?

आम्हांस वाटते, उत्तर श्रावणाच्या कथेतच आहे. त्याने आईबापांस स्वतःच्या सोयीच्या गावी नेले नाही. त्यांस ज्या तीर्थांस जावयाचे होते, तिकडे नेले. पण "तुमची इच्छा" असे म्हणून कावड वाटेत टाकून तो निघूनही गेला नाही. दिशा त्यांची आणि भार त्याचा, ही त्या कथेतील नीती होय.

तात्या आता मेढ्यास राहतात. शेजारची एक बाई दोन वेळचे करून देते. आम्ही महिन्यातून दोनदा जातो. अपरात्री दूरध्वनी वाजला की काळजात धस्स होते. परंतु तेवढे भय आमच्या वाट्यास यावे हे न्याय्यच आहे. एरवी त्यांचे स्वातंत्र्य आम्हांस फुकट पडले असते.