प्रभुभोजन आणि पंक्तिप्रपंच

प्रभुभोजनाचा आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना लेखी वृत्तांत शुभवर्तमानांत नाही. तो पौलाने इ.स. ५३ ते ५५च्या सुमारास करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, अकराव्या अध्यायात आहे, आणि तिथे तो आला एका तंट्यामुळे. ही मंडळी घरांतून जमत असे, आणि सगळ्यांना सामावणारे घर एखाद्या सधन सभासदाचेच असणार. रोमन धाटणीच्या भोजनगृहात साधारण नऊ जणांची सोय असे; बाकीच्यांना बाहेरच बसावे लागत असणार. पौलाची तक्रार अशी, की काही जण आपापले जेवण आधीच उरकून पिऊन तर्र होतात आणि ज्यांच्यापाशी काही नाही ते उपाशी राहतात. हे प्रभूचे भोजन नव्हेच, असे तो बजावतो. येशूने शेवटच्या रात्री भाकर मोडली, प्याला दिला, ही हकीकत तो सांगतो ती या पंक्तिप्रपंचावर उतारा म्हणून. माझ्या मते पंगतीतली समता प्रभुभोजनाच्या अर्थातच आहे. ती मोडली तर विधी पार पडतो, प्रभुभोजन होत नाही.

यावर गंभीर आक्षेप असा, की पौल पुढे शरीर न ओळखता खाणाऱ्याला दंडाची भीती घालतो, आणि परंपरेने ते शरीर म्हणजे भाकरीत भेटणारा ख्रिस्त असेच मानले. तो अर्थ मी नाकारत नाही. पण आदल्याच अध्यायात पौलाने भाकर एक म्हणून आपण पुष्कळ असून एक शरीर आहोत असे म्हटले आहे, आणि सगळ्या विवेचनाचा शेवट तो एकमेकांसाठी थांबा या साध्या सूचनेने करतो. १५२९ साली मारबुर्गला धर्मसुधारक ल्यूथर आणि झ्विंग्ली इतर बहुतेक मुद्द्यांवर जुळले, पण भाकरीतल्या ख्रिस्ताच्या उपस्थितीवर अडले. तो वाद क्षुल्लक नव्हता, तरी करिंथचा प्रश्न त्यात मागे पडला. दुसरी शंका : मग हे निव्वळ सहभोजनच का? तसेही नाही. निर्गमच्या चोविसाव्या अध्यायात मोशे कराराचे रक्त वेदीवर आणि लोकांवर शिंपडतो, आणि त्यानंतर इस्राएलचे वडील पर्वतावर देवासमोर खातात-पितात. करार देवाशी होतो, पण त्यातून एक प्रजा घडते. येशूचा प्याला याच स्मृतीतला, आणि यिर्मयाने सांगितलेल्या नव्या कराराचा.

आपल्या देशात पंगतीतल्या समतेचा हा प्रश्न उघड्यावर आला तो तमिळ मुलखात. तिथल्या प्रोटेस्टंट मंडळ्यांत वेल्लाळ या वरच्या मानल्या जाणाऱ्या जातीतले ख्रिस्ती इतरांपासून वेगळे बसत आणि प्रभुभोजन आधी घेत. १८३३ साली कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी हा भेद बंद करण्याचा आदेश काढला, तेव्हा तंजावरात आणि मद्रासमधल्या वेपेरीत अनेक वेल्लाळ मंडळीपासून दूर झाले. जात ही लौकिक चाल आहे, तिचा श्रद्धेशी संबंध नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. करिंथच्या सधनांनाही असेच म्हणता आले असते. कोणी आधी जेवावे हा त्या काळी शिष्टाचाराचाच भाग होता. पौलाने ती सबब ग्राह्य धरली नाही. खायला-प्यायला तुम्हाला घरे नाहीत काय, असे त्याने त्यांना विचारले, आणि ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना लाजवणे म्हणजे देवाच्या मंडळीला तुच्छ लेखणे, असे ठरवले.