नाव आणि संख्या

पूर्णगडच्या तटावर उभे राहिले म्हणजे मुचकुंदीची खाडी समुद्रास मिळताना दिसते. या किनाऱ्यावरील गावांतून पिढ्यानपिढ्या तरुण मुंबईस गेले. कोणी पलटणीत शिरले, कोणी आगबोटीवर खलाशी झाले. त्यांतील कित्येक परत आले नाहीत. अशा मृतांचे आपण काय देणे लागतो?

या प्रश्नाचे एक उत्तर मुंबईतच, कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये, लिहिलेले आहे. १८५८ साली उपासनेस खुले झालेले हे मंदिर सिंध व अफगाणिस्तान येथील मोहिमांत पडलेल्यांचे स्मारक होय. तेथील लेखाचा आशय असा की, मृत अधिकाऱ्यांची नावे भिंतीवर लिहिली आहेत. कनिष्ठ अंमलदार व शिपाई मात्र इतके आहेत की, त्यांची नावे तशी नोंदता येत नाहीत. मरणाऱ्यांची संख्या वाढली म्हणजे प्रत्येकाचा हक्क घटतो, हा हिशेब विलक्षण नव्हे काय?

ही वृत्ती पुढेही टिकली. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या. १९१६ साली कूतच्या वेढ्यात त्यांनी उपासमार सोसली. त्या रणभूमीवरील मृतांचे स्मारक १९२९ साली बसरा येथे झाले. त्यावर साध्या गोऱ्या शिपायाचेही नाव कोरले गेले. हिंदी शिपायांची मात्र पलटणवार केवळ संख्या दिली. अडचण दगडाची होती असे म्हणता येत नाही. कारण दोनच वर्षांपूर्वी फ्रान्समधील न्यूव्ह शापेल येथे हिंदी सैनिकांची चार हजारांहून अधिक नावे कोरली गेली होती. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने २०२१ साली या विषमतेबद्दल क्षमा मागितली; परंतु तोवर त्या शिपायांची वाट पाहणारे कोणीही उरले नव्हते.

येथे कोणी म्हणेल की, नावाचा हा आग्रह आपला नव्हेच. आपल्या गावोगावच्या वीरगळांवर बहुधा नाव नसते. खाली झुंज, वर स्वर्गारोहण, शिखराशी चंद्रसूर्य, एवढेच असते. आक्षेप खरा आहे. लंडनचे १९२० सालचे मुख्य युद्धस्मारकही नामरहितच आहे. तथापि त्यावर सेनापतीचेही नाव नाही आणि शिपायाचेही नाही. वीरगळाची गोष्ट आणखी निराळी. तो दगड ज्या गावात उभा राहिला, त्या गावास तो कोणाचा हे ठाऊक होते. नाव दगडावर नसले तरी लोकांच्या तोंडी होते. तेव्हा दोष निनावीपणात नाही. एकाच भिंतीवर एकास नाव द्यावे व दुसऱ्यास मोजावे, यात तो आहे. मृत्यूने जो भेद पुसला, तो जिवंतांनी पुन्हा कोरून ठेवावा, हा खरा अन्याय होय.

याच मुंबईत दुसरे उदाहरणही आहे. मशीद बंदराजवळील खलाशीगृहात, पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या व समुद्रावाचून अन्य कबर नसलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांची स्मृती नावानिशी जपली आहे. कोळसा ओढणाऱ्यासही नाव असते, एवढे तेथे कोणीतरी ध्यानात ठेवले.

परंतु परक्या सरकारास दोष देऊन आम्ही मोकळे होतो काय? आमच्या देवळांतील संगमरवरी फरश्या पाहाव्यात. मोठ्या देणगीदाराचे नाव रकमेसह ठळक असते. लहान रकमांचे धनी ‘इतर भाविक’ या दोन शब्दांत आटोपतात. आणि ज्या पाथरवटाने ती अक्षरे कोरली, त्याचे तर कोठेच काही नसते. अफगाण चर्चच्या भिंतीवरील तो लेख वाचून आम्हांस राग येतो, तो योग्यच होय. मात्र तसलाच लेख आमच्या हातून रोज लिहिला जात असतो, आणि तो वाचण्याची तसदी आम्ही घेत नाही.