पायथन शिकणाऱ्याचं मागणं

पांडुरंगा, मला मिळालेलं पुस्तक पायथन 2 चं आणि संगणकावर पायथन 3. प्रिंटला कंस नाही म्हणून पहिलीच ओळ अडते. त्याबद्दल तक्रार नाही. ती चूक तोंडावर येते, ओळीचा क्रमांक सांगते, कंस टाकला की जाते.

माझं गाऱ्हाणं आहे ते गप्प राहणाऱ्या फरकांचं. पाचाला दोनाने भागलं तर जुनं पायथन उत्तर देतं 2, नवं देतं 2.5. कुरकुर दोघांचीही नाही. सरासरी काढणारं उदाहरण बिनबोभाट चालतं, उत्तर तेवढं पुस्तकाशी जुळत नाही, आणि नवख्याला वाटतं की आपल्याला साधा भागाकारही येत नाही. अशा वेळी आधी आवृत्ती बघायची आणि मग स्वतःला बोल लावायचा, एवढी बुद्धी दे. चूक व्हायचीच असेल तर ओरडून होऊ दे.

हा बदल करणाऱ्यांवर माझा राग राहू देऊ नकोस. गिडो व्हान रॉसम आणि मंडळींनी डिसेंबर 2008 मध्ये पायथन 3.0 आणलं ते जुन्याशी फारकत घेऊन, आणि तीही जाणूनबुजून. जुन्याचा सांभाळ 2015 ला थांबायचा होता. लोकांचं काम उरकेना म्हणून 2020 पर्यंत मुदत वाढवली. इतका धीर तर आमच्याकडे परीक्षेचा फॉर्म भरून घेणारेही दाखवत नाहीत.

शिवाय या बदलात तुझाही फायदा झाला, देवा. पायथन 2 मध्ये साध्या अवतरणात ‘विठ्ठल’ लिहून लांबी विचारली, तर यूटीएफ-8 चे बाइट मोजून ते 18 सांगायचं. फाइलच्या डोक्यावर एन्कोडिंगची ओळ नसेल, तर देवनागरी बघूनच अडून बसायचं. आता 6 येतात: वेलांटी वेगळी, हलन्त वेगळा. वारकऱ्याला हा हिशोब पटणार नाही, पण 18 पेक्षा बरा.

अडल्यावर ज्यांना विचारेन, त्यांच्या तोंडी पहिला प्रश्न ‘आवृत्ती कोणती?’ हाच येऊ दे. ‘एवढंही येत नाही?’ हा नको. बँकांत, प्रयोगशाळांत जुना कोड अजून सांभाळत बसलेल्यांना बळ दे. आणि पायथन 4 काढायचं कुणाच्या मनात आलंच, तर तेवढी माझी तोंडी परीक्षा आधी होऊन जाऊ दे.