शिळे पाणी

सकाळी नळास पाणी आले की आपल्या पुष्कळ घरांत पहिले काम होते ते काल भरून ठेवलेले पाणी ओतून देण्याचे. हंडा, कळशी, पिण्याचे पिंप, एकेक भांडे मोरीत उपडे केले जाते, आणि मग त्यात 'ताजे' पाणी भरले जाते. कालच्या पाण्याचा अपराध कोणता, असे विचारले असता 'ते शिळे झाले' एवढेच उत्तर मिळते. जेथे नळ दिवसाआड येतो त्या वस्तीतही हीच रीत आढळते, हे अधिक आश्चर्याचे आहे. ही केवळ सवय आहे, की तिच्यामागे काही धर्म आहे? धर्म असेल तर काटकसरीच्या नावाने तो मोडण्याचा अधिकार आपणांस आहे काय? हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही, म्हणून वाचक बंधुभगिनींपुढे तो मांडीत आहे.

प्रथम शास्त्राची बाजू मान्य करू. पूजेस पर्युषित, म्हणजे रात्र उलटलेले पाणी घेऊ नये, असा नियम आहेच; आणि पूजेच्या घरात वाढलेल्या कोणालाही तो लहानपणीच कळतो. परंतु हा नियम देवपूजेच्या उदकाचा आहे. ते उदक किती? कलशभर, फार तर एक घागर. भांडी घासण्याचे, लादी पुसण्याचे अथवा झाडांस घालण्याचे पाणी पर्युषित असू नये, असे कोणी सांगितल्याचे माझ्या ऐकिवात नाही. शिवाय त्याच नियमास अपवाद म्हणून गंगोदक सांगितले आहे. काशीहून आणलेला गंगेचा गडू आपण देवघरात वर्षानुवर्षे जपून ठेवतो व अंतकाळी त्यातलेच पाणी मुखात घालतो. वीस वर्षांचे पाणी पवित्र आणि काल संध्याकाळचे टाकाऊ, हा व्यवहार एकाच घरात चालतो!

इंदूरकरांनी तर याचा विशेष विचार करावा. यशवंतसागर व बिलावलीसारख्या तलावांवर शहराची तहान भागेनाशी झाली, तेव्हा १९७८ साली नर्मदेचे पाणी येथे आणण्यात आले. मंडलेश्वराजवळील जलूद येथून ते उचलले जाते आणि सुमारे सत्तर किलोमीटरची वाट चालून, विंध्याचा घाट चढून आपल्या नळापर्यंत येते. ज्या तीरावर अहिल्याबाईंनी महेश्वरचे घाट बांधले, त्याच तीराजवळचे हे पाणी. ज्या नर्मदेच्या परिक्रमेस लोक अनवाणी निघतात, ती माता घाट चढून आपल्या मोरीपर्यंत आली आणि आपण तिला एका रात्रीत शिळी ठरवली!

या चढणीचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. एक हजार लिटर पाणी पाचशे मीटर वर चढवण्यास, यंत्रांतील तूट धरून, सुमारे दोन युनिट वीज लागते. म्हणजे पंधरा लिटरची एक बादली ओतून दिली की दहा वॉटचा दिवा तीन तास जळेल इतकी वीज तिच्याबरोबर मोरीत जाते. यावर कोणी म्हणेल, 'आम्ही पाणीपट्टी भरतो, मग ओतू नाही तर प्राशन करू.' पाणीपट्टी ही पाणी आणून देण्याची मजुरी होय, नर्मदेची किंमत नव्हे. हमालास पैसे दिले म्हणून त्याच्या डोक्यावरील ओझे मुद्दाम दुप्पट करावे आणि अर्धे वाटेत फेकून द्यावे, असे कोणताही गृहस्थ करणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे. 'मी बादली वाचवली तर ती तहानलेल्याच्या घरी थोडीच जाते?' हे खरे आहे. वाचलेली बादली चालत जात नाही. तथापि आपली टाकी भरलेली असली की आपण नळ लवकर बंद करतो आणि त्याच नळीवरील शेवटच्या घरात दाब थोडा वाढतो. उलट जे गृहस्थ नळासच विजेचा पंप जोडून पाणी ओढतात, त्यांच्याविषयी स्पष्टच बोलावे लागते. त्यांच्या टाकीत पडणारे जास्तीचे पाणी शेजाऱ्याच्या वाट्याचे असते. आणि नळीत ओढ निर्माण झाली की जमिनीतील फटींतून गटाराचे पाणी आत शिरण्याचा धोका असतो. ते मग सर्व गल्ली पिते. हे घेणे कोणास दिसत नाही, म्हणून त्यास चोरी म्हणावयाचे नाही काय? सकाळी पंप चालवून, त्याच पाण्याने स्नान करून देवदर्शनास जाणाऱ्याने या प्रश्नाचे उत्तर स्वतःशी द्यावे.

शुचितेला पाणी विपुल लागते, ही समजूतही तपासली पाहिजे. आचमनास पाणी किती घ्यावे? उडदाचा दाणा बुडेल इतके. स्नानाचे सात प्रकार सांगितले आहेत, मंत्रस्नान व भस्मस्नानापासून मानसस्नानापर्यंत. त्यांत पाण्याने करावयाचे वारुण स्नान हा एक प्रकार होय. ज्यांनी हे लिहिले त्यांना दुष्काळ ठाऊक होता, असे मला वाटते. शिवलिंगावर टांगलेल्या अभिषेकपात्रास आपण 'गळती' म्हणतो. तीतून थेंब थेंब पडतो, धो धो नाही. घरातील नळाची गळती मात्र देवावर पडत नाही. तिच्याखाली रात्री एक तांब्या ठेवून सकाळी पाहावा. सेकंदाला एक थेंब धरला, आणि वीस थेंबांचा एक मिलिलिटर मानला, तरी दिवसास चार लिटरांहून अधिक व वर्षास दीड हजार लिटरांहून अधिक पाणी जाते. बहुधा दोष असतो तो आतील रबरी चकतीचा, आणि ती चार आण्यांची नसली तरी आजही फारशी महाग नाही. वरचा नळ बंद करून ती बदलणे कोणत्याही धडधाकट मुलास जमते.

पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रांचेही असेच. आर.ओ. यंत्र एक लिटर पाणी देताना बहुधा दोन-तीन लिटर बाहेर टाकते. ते पिण्यास नको, पण लादी पुसण्यास व शौचालयात उत्तम चालते. नळी मोरीत न सोडता बादलीत सोडावी, इतकेच. पाण्यातील क्षार मुळातच कमी असतील तर त्या यंत्राची गरजही नाही.

आता भरलेल्या पाण्याविषयी वैद्यकाचे म्हणणेही ऐकले पाहिजे, कारण 'शिळे' म्हणणाऱ्यांचा आग्रह सर्वस्वी निराधार नाही. उघड्या साठवणीत डेंग्यूचा डास अंडी घालतो आणि आठवडा-दहा दिवसांत त्याची नवी पिढी उडू लागते. म्हणून आठवड्यातून एक वार ठरवून भांडी रिकामी करून आतून घासावी. त्या दिवसाचे पाणी तुळशीवृंदावनाजवळील झाडांस व अंगणास घालावे. इतर दिवशी झाकण घट्ट असावे आणि पाणी ओगराळ्याने काढावे. हात बुडवलेले पाणी एका तासातही वाईट होऊ शकते, आणि झाकलेले स्वच्छ पाणी दुसऱ्या दिवशीही चांगले राहते.

हे सर्व सांगूनही घरातील आजी किंवा काकू ऐकत नाहीत, अशी सुनांची तक्रार असते. त्यांच्याशी वाद घालू नये. त्यांच्यापैकी कित्येकींनी बालपणी विहिरीवर रहाट ओढला आहे आणि ओलेत्याने दोन घागरींत दिवसभराचे सोवळे सांभाळलेले पाहिले आहे. त्या काळी कालची घागर कोणी ओतून देत नसे, कारण ती आपल्याच हाताने ओढलेली असे. हे त्यांनाच सांगू द्यावे; त्या आनंदाने सांगतात. आणि सकाळी नळ आला की सर्वांआधी देवाच्या पूजेचा कलश ताज्या पाण्याने भरून त्यांच्या हाती द्यावा, मग पिंपाचा विषय काढावा.